तुडूम

भूमेश्वरी टिकाराम मांढरे, इयत्ता सातवी,
हिची मराठीची वही मी अजून परत केलेली नाही.
पान सोळापर्यंत शिरोरेघ आखल्यासारखी,
सतरापासून अक्षरं ओळ सोडून चालली,
एक 'ळ' तर पार समासात जाऊन पडला.
मी लाल पेनाने लिहिलं : लक्ष कुठे आहे?
आणि पट्टी घेतली. उजवा तळहात. दोनदा.
तो हात आधीपासूनच हलत होता.
मला वाटलं, भीतीने.

त्याआधी, धान कापणीच्या दिवसांत, तिचा घसा धरला होता.
चिंचा खाल्ल्या असतील, म्हणून मिठाच्या गुळण्या.
चार दिवसांत बरी झाली.
तीन आठवड्यांनी गुडघा सुजला.
"दुखनं फिरते जी गुरुजी," आई शाळेच्या दारात सांगत होती,
"काल घुडग्यात, आज घोट्यात, उद्या कोन्या सांद्यात राहीन का माहीत."
फिरतं दुखणं म्हटल्यावर कोणी तरी हसलं.
मीही, थोडंसं.

केसपेपर पाच आहेत.
बापाने मासे विकायच्या पिशवीत जपलेत, त्यांना वास येतो.
पहिल्यावर : अंगदुखी.
दुसऱ्यावर : वाढीचं वय, कॅल्शियम.
तिसऱ्यावर रक्त कमी, लोहाच्या गोळ्या.
चौथ्यावरचं कोणालाच वाचता येत नाही.
पाचवा तालुक्याचा : घाबरट स्वभाव.
पाचही ठिकाणी तो काळा नळा डॉक्टरांच्या गळ्यातच राहिला.
रांग मोठी असते, मला माहीत आहे.
माझ्याही वर्गात दोन इयत्ता मिळून त्रेसष्ट पोरं होती.

मग हातातून कप सुटायला लागले, तोंड वाकडं व्हायचं,
गावाने म्हटलं, बाहेरचं आहे. एक कोंबडा गेला.
दोन महिन्यांत हात आपोआप शांत झाला
आणि श्रेय ज्याने त्याने घेतलं,
पुजाऱ्याने, गोळ्यांनी, माझ्या पट्टीने.

काळजाचं कोणी विचारलं नाही.

शिंगाड्यांची टोपली घेऊन तलावाच्या पाळीवरून
ती पूर्वी पळत यायची.
सोळाव्या वर्षी त्याच वाटेवर तीनदा बसायला लागली.
रात्री उशाला एक गोधडी, मग दोन,
मग भिंतीला टेकून, बसूनच.

नागपूरला पडद्यावर तिचं हृदय राखाडी उड्या मारत होतं.
डॉक्टरीणबाईंनी बापाला दाखवलं, ही झडप,
नीट उघडत नाही, नीट मिटतही नाही.
टिकाराम ढिवर माणूस, तलावावर जन्म गेलेला.
बराच वेळ बघत राहिला.
"तुडूम म्हना ना जी," तो म्हणाला.
"गाळानं धरलेलं तुडूम.
पानी जाते बी कमी, न वापस बी येते."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुडूम म्हणजे?
तलावाचं पाणी शेतात सोडायचं दार, मी सांगितलं.
अगदी तेच, त्या म्हणाल्या.
मग विचारलं, लहानपणी सांधे सुजले होते का हिचे?
घसा? हात आपोआप हलायचे?
आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

आता दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन.
मोटारसायकल माझी, पेट्रोल निम्मं निम्मं, यावर टिकाराम अडून बसतो.
घट्ट पांढरं औषध, कमरेत.
परतताना ती एका अंगावर कलून बसते.
एकदा सलांगीपाशी मी वहीचं बोललो,
इंजिन चालू होतं, ऐकू गेलं नसेल असं वाटलं.
"लागलं नव्हतं जी," ती म्हणाली.

लागलं होतं.

शाळेच्या कॅलेंडरवर मी एकविसाव्या दिवसाला गोल करतो.
परिपाठानंतर टॉर्च घेऊन घसे बघतो,
पोरं आ करतात, खिदळतात,
मुख्याध्यापक विचारतात, डॉक्टर कधी झालात?
तिसरीतला खेमू गुरुवारी डाव्या पायाने लंगडत होता.
आज उजव्या.
हजेरी अर्धी सोडून
मी गाडीची किल्ली शोधतो आहे.